जुन्या भाडेकरूचं की-कार्ड अजून चालतंय, काय करू?

कांदिवलीकर: नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ठाकूर व्हिलेजला वन बीएचके भाड्याने घेतला, लॉबीचं दार आणि लिफ्ट दोन्ही कार्डवर. आम्ही दोघं, कार्ड एकच, दुसऱ्याचे सोसायटी ५०० मागते. बायको रात्री नऊला येते की मी चपला घालून खाली दार उघडायला. शेवटी वैतागून स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे गेलो, त्याने हातातल्या निळ्या मशीनवर बीप-बीप करून मिनिटभरात डुप्लिकेट हातात ठेवलं, १५० रुपये! आधी खूश झालो, मग लिफ्टमध्ये डोक्यात आलं की हे कोणीपण करू शकतं. त्यात परवा आधीचा भाडेकरू त्याचं कुरियर घ्यायला स्वतःच्या जुन्या कार्डाने थेट सातव्या मजल्यावर आमच्या दारात. माणूस भला आहे हो, पण असं कसं? सेक्रेटरी म्हणतात सिस्टीम एकदम सेफ आहे.

रीडरवाला: मी हीच कामं करतो. मिनिटात कॉपी झालं म्हणजे तुमचं कार्ड १२५ किलोहर्ट्झचं असणार. त्यात फक्त एक नंबर असतो, ना पासवर्ड ना काही, दारावरच्या रीडरसमोर धरलं की तोच नंबर सांगतं. १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डं येतात पण तिथंही बघून घ्या, त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं लॉक २००८ सालीच फुटलंय. त्यापेक्षा पक्कं असतं ते डेसफायर कार्ड घ्यायला सांगा. सगळे रीडर बदलायचे म्हणजे मोठा खर्च, कमिटी दोन वर्षं मीटिंगच घेत बसेल, तोवर निदान जुनी कार्डं बंद करायला सांगा. ते फुकट आहे, सॉफ्टवेअरमध्ये नंबर डिलीट केला की झालं. आणि हो, जुन्याचं डुप्लिकेट असेल तर तेही मेलं, नंबर तोच ना.

चेंबूरची ताई: आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली, मॅग्नेटचं दार आपोआप सुटलं आणि रात्रभर सताड उघडं. वॉचमन खुर्चीत झोपलेला.

रीडरवाला: ताई, ते मुद्दाम तसंच असतं, करंट गेला की मॅग्नेट सोडतो, नाहीतर आग लागली तर लोक आत अडकतील. बॅटरी बघत राहणं सोसायटीचं काम.

कमिटीतला एक: आमची बाजूपण ऐका, फ्लॅट रिकामा झाला हे ओनर कळवतच नाहीत. तुम्ही ओनरकडून सोसायटीला दोन ओळींचं पत्र द्यायला लावा, अॅग्रीमेंटची कॉपी जोडा, भाडेकरूच्या तोंडी तक्रारीवर सेक्रेटरी हलत नाही. ५०० रुपये डिपॉझिट आहेत की चार्ज तेही विचारा आणि पावती घ्याच. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी ओनरकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, तेही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, २००१ पासूनचा नियम आहे. आणि ते १५० वालं डुप्लिकेट आधी गपचूप ठेवून द्या, उगाच तुमच्यावरच शेकेल 😄

कांदिवलीकर: अपडेट. ओनरने मेल टाकला, काल सेक्रेटरींनी कॉम्प्युटर उघडला. आमच्या फ्लॅटच्या नावावर पाच कार्डं निघाली! एक माझं, दोन आधीच्याची, एक त्याच्याही आधीच्या कोणाचं तरी, आणि एकापुढे नुसतं 'दूधवाला'. तीन तिथल्या तिथे उडवली, बायकोला नवीन दिलं, ५०० ची पावती मिळाली, डिपॉझिट आहे. दूधवाल्याचं राहू दिलं, पहाटे साडेपाचला खाली कोण जाणार.

चेंबूरची ताई: त्याचंही कोणीतरी डुप्लिकेट काढलं असेल बघा.

कांदिवलीकर: ताई, झोपू द्या हो आता.