४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जाते

एका दादांनी लिहिलं का ४२९४९६७२९७ ला ३, ७, ११, १३ नं भाग जात नाही म्हणून ते मूळ संख्याच असणार. नाही ना दादा, ६४१ × ६७००४१७ करून पाहा. हा आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, फर्मा या गणितज्ञाला पण हे मूळ वाटत होतं, ऑयलर या गणितज्ञानं १७३२ मध्ये फोडलं.

पण भागाकार करायची गरजच नाही! ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आन ६४१ म्हणजे ६२५ + १६ पण. पहिल्यावरून ५ गुणिले २ चा ७ वा घात याला ६४१ नं भागलं का बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडते), त्याचा चौथा घात केला का ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६२५ + १६ म्हणजे ६४१, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ टाका, २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, त्यात १ मिळवला का बाकी शून्य, झालं!

गावातल्या दहावीच्या पोरायले मी हे कापसाच्या काटापावतीमागं लिहून दाखवतो, चार ओळीत बसते. एका पोरीनं विचारलं ६४१ सुचलंच कसं, लय चांगला प्रश्न. ४२९४९६७२९७ ला जिनं भाग जाते ती मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ नं जास्तच असते, म्हणून तशा मूळ संख्याच तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७ आन पाचवी ६४१.