दृष्टिहीन विद्यार्थिनीला अर्थशास्त्राची मराठी टिपणे आणि आकृत्या कशा द्याव्यात?

प्रश्न
मी बी. ए.च्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात सायंकाळी अर्थशास्त्राची जादा शिकवणी घेतो. यंदा वर्गात एक पूर्णतः दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिच्या लॅपटॉपवरील एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) माझी इंग्रजी टिपणे व्यवस्थित वाचतो, परंतु मराठी टिपणे उघडताच निरर्थक रोमन अक्षरे उच्चारू लागतो. शिवाय मागणीचा वक्र फळ्यावर काढताना तिला काय सांगावे, हेही मला उमगत नाही.

पहिले उत्तर
सर, आपली टिपणे बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असावीत. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. देवनागरी दिसते ती केवळ फॉन्टमुळे, आणि स्क्रीन रीडर फॉन्ट पाहत नाही, साठवलेली अक्षरे वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करावा. मात्र रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावी, कारण चुका तिथेच राहतात. पुस्तकाची पाने नुसती स्कॅन करून पाठवू नयेत, ती स्क्रीन रीडरच्या लेखी केवळ चित्रे असतात.

दुसरे उत्तर
मी स्वतः दृष्टिहीन आहे. ‘हा वक्र इथून असा इकडे सरकतो’ हे वाक्य मी तीन वर्षे ऐकले आणि त्यातून मला काहीही कळले नाही. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नगसंख्या, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरणारा, असे शब्दांत सांगावे. पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून केलेली आकृती बोटांनी चाचपता आली, तर त्याच वक्रावरून खाली येणे आणि अख्खा वक्र उजवीकडे सरकणे यांतला फरक क्षणात समजतो. (माझ्या एका मित्राने ते काम शेवयांनी भागवले होते!)

तिसरे उत्तर
परीक्षेचाही विचार आताच करावा. लेखनिक घेतल्यास तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. परंतु लेखनिकाला उत्तर सांगून लिहून घेणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि त्याचा सराव शिकवणीतच व्हायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेने अशा विद्यार्थ्यांना वाजवी सोयी पुरवायच्या असतात. त्यामुळे टिपणांच्या रूपांतराचे काम एकट्याने अंगावर न घेता प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. टिपणे श्रीलिपीतच निघाली. एक प्रकरण रूपांतरित करून तिला पाठवले आहे. दोऱ्याची आकृती सोमवारी नेतो.