पोपडे, गंज, झिजलेले जिने: जुन्याचे फोटो काढणं हा भरल्या पोटाचा छंद आहे का?

गल्लीबोळ (धागाकर्ता):
गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला होता. सागवानी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठडा हात लागून लागून गुळगुळीत. लगेच एकाने लिहिलं, "दुसऱ्याच्या पडक्या घरात कसलं सौंदर्य दिसतं रे तुम्हाला?" राग आला, पण प्रश्न टाळण्यासारखा नाही.

नव्या टॉवरच्या लॉबीचा फोटो काढून बघा. ग्रॅनाइट चकाचक, पण ती लॉबी ठाण्यातली की बोरिवलीतली, कळणार नाही. ती पायरी मात्र त्याच जिन्यात सापडते. आणि हे सगळं भराभर चाललंय. 2023च्या सप्टेंबरात मुंबईची जुनी डिझेल डबलडेकर बस गेली, ऑक्टोबरअखेर काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी. आयुष्यभर पद्मिनीच्या तापलेल्या सीटला शिव्या घालणारे शेवटी तिच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढत होते. त्यांना ढोंगी म्हणवत नाही मला.

वरचा मजला:
दादा, तुम्ही जिना चढून फोटो काढता आणि उतरून घरी जाता. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत सहा जण राहिलो. संडास मजल्यावर, सगळ्यांना मिळून. रविवारी कॅमेरेवाले यायचे. एक जण आईला म्हणाला, "काकू, ती बालदी तिथेच राहू द्या, फ्रेम मस्त येतेय." बालदी होती कारण छत गळत होतं!

आता 500 चौरस फुटांचा फ्लॅट मिळालाय. लिफ्ट आहे, संडास घरात आहे. इथे एकही कॅमेरेवाला फिरकलेला नाही.

फाटकाबाहेर:
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी पागडीच्या (एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीत राहणारे किती? हात वर करा.

गर्डर:
इमारत दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं कोरडं लिहितो. जुन्या इमारतींचे सज्जे बरेचदा लोखंडी गर्डरवर तोललेले असतात. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, गंज चढणारच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब देतो आणि वरचं प्लास्टर सुटतं. तुमच्या फोटोत जो सुंदर पोपडा दिसतो तो म्हणजे आतला गर्डर बारीक होत चाललाय. भेगेत उगवलेला पिंपळही तसाच. फोटोत गोड, पण मुळं भिंत फोडतात.

हे काही निव्वळ काळाने केलेलं नाही. 1947च्या भाडे कायद्याने भाडी 1940च्या पातळीला बांधली. मालक म्हणतो एवढ्याशा भाड्यात डागडुजी कशी करू, भाडेकरू म्हणतो घर तुझं, तू कर. त्या भांडणात दोन-दोन पिढ्या गेल्या. 31 ऑगस्ट 2017ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, 33 माणसं गेली. टेकू लावलेल्या सज्जाखाली उभं राहून कृपया फोटो काढू नका.

गल्लीबोळ:
गर्डरभाऊ, टेकूचं मान्य. पण तुम्ही सांगितलेलं भांडण तरी त्या भिंतीशिवाय दिसलं असतं का? लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात जपून ठेवलीय. 1982च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातलं काय दिसतं तिथे? रंगवलेल्या चिमणीपेक्षा मला गंजलेलं फाटक जास्त खरं वाटतं.

तिरपं ऊन:
मी हौशी फोटोग्राफर, आणि माझी तक्रार आपल्याच लोकांबद्दल आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खरवडा उठून दिसतो, विषय आपोआप सुंदर होतो. त्यावर ब्लॅक अँड व्हाइट केलं की दुपारी हसत पत्ते खेळणारे आजोबाही दुःखी दिसतात. हा खोटेपणा आहे. समोरून, सरळ, रंगीत काढा आणि खाली पत्ता-तारीख लिहा. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचं बघा. 7 जुलै 1896ला ल्युमिए बंधूंचा चित्रपट तिथे दाखवला गेला, आणि ती बिडाची इमारत आज खिळखिळी झालीय. उद्या तिचा सज्जा पुन्हा घडवायचा तर असे साधे, स्वच्छ फोटोच कामाला येतील. उदास ढग घातलेले नाहीत.

वरचा मजला:
वॉटसनचं ठीक. चाळीचा पत्ता टाकण्याआधी दहादा विचार करा. इमारत सी-1 म्हणजे अतिधोकादायक ठरली की ती खाली करावी लागते. मालकाने करून घेतलेला ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, एक सांगतो, रहिवाशांचा दुसरा, प्रकरण कोर्टात जातं. अशा वेळी तुमचे कलात्मक पोपडे पत्त्यासकट कोण वापरेल?

तिरपं ऊन:
हे डोक्यात आलं नव्हतं. पण मग नोंद ठेवायचीच नाही?

गर्डर:
इमारत खरंच धोकादायक असेल तर फोटो दडवून ती उभी राहत नाही, वरचा मजला. उलट रहिवाशांनी स्वतः दरवर्षी पावसाळ्याआधी त्याच कोपऱ्याचा फोटो काढून ठेवावा. भेग वाढली की नाही ते तरी कळेल.

वरचा मजला:
रहिवाशांनी काढावा, बरोबर. मी तेच म्हणतेय.