होडीच्या मागे उभं राहून एकाच वल्ह्याने होडी चालवणं – वल्हं खुंटीवरून सारखं निसटतं

निशिकासाईकर:
टोकियोत कोतो वॉर्डात योकोजिक्केनगावा पार्क आहे, तिथे व्हॉलंटियर काकालोक जुन्या पद्धतीच्या लाकडी होड्यांतून फुकट फिरवतात आणि हवं असेल तर आपल्यालाही चालवायला देतात. आम्हाला निशि-कासाईहून जवळच पडतं. होडीच्या मागे एकच लांब वल्हं, त्याला रो म्हणतात, ते पाण्याबाहेर काढायचंच नाही, नुसतं डावी-उजवीकडे हलवायचं. काका करतात तेव्हा होडी सरळ सुटते, माझ्या हातात आला की रो ज्या खुंटीवर टेकलेला असतो तिच्यावरून निसटतो नाहीतर होडी जागीच डोलत राहते. जपानी अर्धंच कळतं त्यामुळे नेमकं काय चुकतंय ते समजत नाही. कोणी शिकलंय का?

दर्यावेडा:
हो, शिकलोय, आणि अगदी मनापासून सांगतो, सोडू नका. रो नीट बघा, तो सरळ नसतो, दोन लाकडं किंचित कोनात जोडलेली असतात. आणि मुठीपासून होडीच्या तळाला एक दोरी बांधलेली असते, हायाओ म्हणतात तिला. सगळी गंमत या दोन गोष्टींत आहे. त्या कोनामुळे मूठ बाजूला ढकलली की रो आपोआप थोडा वळतो, पातं तिरकं होतं आणि पाणी मागे ढकललं जातं. पाण्याचा दाब पात्याला खाली ओढतो म्हणजे मूठ वर जायला बघते, तिला दोरी धरून ठेवते. म्हणून दोरी कायम ताणलेली पाहिजे. सैल पडली की समजायचं पातं उलटं तिरकं झालंय, आणि मग रो खुंटीवरून उचलला जाणारच. मूठ घट्ट आवळून स्वतः वळवायला जाऊ नका, दोरीला काम करू द्या. सुरुवातीला छोटे, सावकाश फेरे. दंडाने रेटू नका, पाय पुढेमागे ठेवून सगळं अंग झुकवायचं. जपानीत म्हणच आहे, साध्या वल्ह्याला तीन वर्षं, रोला तीन महिने :)

खाडीकाठ:
मी फ्रान्सला ब्रिटनीत असते, इकडे हेच साध्या सरळ वल्ह्याने करतात, गोदीय म्हणतात. मागच्या फळीत खाच, तिच्यात वल्हं, दोरी वगैरे काही नाही, म्हणजे तिरकेपणा सगळा मनगटातून द्यायचा. नियम एकच, पातं ज्या बाजूला चाललंय त्या बाजूची धार खाली. हाताच्या भाषेत, मूठ ज्या बाजूला जाते ती बाजू वर. टोकाला पोचलं की मनगट फिरवायचं आणि परत. बंदरात बोटींच्या मधून जाताना दोन वल्ही पसरायला जागाच नसते तिथे हे फार कामाचं, आणि एक वल्हं हरवलं तरी घरी येता येतं. वारा समोरून जोरात असेल तर मात्र दमछाक होते.

निशिकासाईकर:
दोघांचेही खूप आभार! दोरीकडे मी लक्षच दिलं नव्हतं. आणि वळायचं कसं?

दर्यावेडा:
एका बाजूचा फेरा जोरात, परतीचा हलका. पातं उजवीकडे जाताना जोर दिलात तर होडीची मागची बाजू डावीकडे सरकते. पण आधी सरळ जाऊ द्या, काकांना नुसतं दोरीकडे बोट दाखवून विचारा, ते लगेच करून दाखवतील.