मदत हवी आहे: गाडीच्या ओबीडी पोर्टला (बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर जोडतात ते सॉकेट) करंटच नाही (सातारा)

नमस्कार मंडळी. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात चेक इंजिनचा दिवा लागला, तो जातच नाही. कोड वाचायला ब्लूटूथ स्कॅनर आणला. १६ पिनांचा पोर्ट स्टीअरिंगखाली, बॉनेटच्या खटक्याशेजारी सापडला, पण स्कॅनर पेटतच नाही. १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही बॅटरीचे १२ व्होल्ट यायला हवेत. मल्टीमीटर शून्य दाखवतोय. चावी लावूनही मोबाइल चार्जरचं सॉकेट बंदच आहे. दोघांचा फ्यूज एकच असेल का? कसा ओळखू? बॅटरी काढून दिवा घालवा म्हणतात, पण त्यानं कोडच पुसला जाईल, ते मला नकोय. पोवई नाक्याजवळ वायरिंगचं काम नीट करणारं कुणी असेल तर सांगा. आईला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी अडून चालणार नाही.