तापात आकडी आली, पुढे फेफऱ्याचा आजार जडेल का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. मुलगी 17 महिन्यांची, चालते, बोबडं बोलते, सगळं वेळेवर. गणपतीच्या चवथीला मूळ घरी सत्तरीत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं अंग जरा कोमट लागलं. घरात माणसं भरलीत, दमली असेल, असं मला वाटलं. तासाभराने आरती सुरू झाली, ती माझ्या कडेवर होती. एकदम ताठ झाली, डोळे वर गेले, दोन्ही हातपाय झटकायला लागले, ओठ निळे. मी हाका मारत होते आणि तिला त्या पोचतच नव्हत्या.

कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल आणली. एका काकांनी दातांत चमचा घातला, हिरडीतून रक्त आलं. सासूबाई माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या मांडवीखाली, बसून गाऱ्हाणं घालत होत्या. दिराने 108 ला फोन केला.

इस्पितळात पहिला प्रश्न, किती वेळ चाललं? मी म्हटलं दहा मिनिटं. दीर म्हणाला, दोन. नंतर त्याचा फोन बघितला: कॉल 7:42 ला लागला, 7:45 ला ठेवला तेव्हा ती रडत होती. कॉलच्या आधीचा मिनिट धरला तर चार मिनिटं. ताप 102.8 भरला. रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी ती खेळायला लागली. कागदावर ‘सिंपल फेब्राइल सीझर’, म्हणजे तापातली साधी आकडी, असं लिहिलंय. घाबरू नका म्हणाले आणि घरी पाठवलं.

पण माझ्या नणंदेला चौदाव्या वर्षापासून फेफरं आहे. अजून गोळ्या चालू आहेत, त्यापायी तिचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं. घरात आता सगळे म्हणतात, पोर आत्यावर गेली. मी रात्री तीनतीनदा उठून तिच्या कपाळाला हात लावते. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, करून घ्यावा का? रोजचं औषध मागावं का? पुढच्या महिन्यात लसीचा बूस्टर आहे, तो द्यावा की थांबावं? कुणाच्या मुलाला असं झालं असेल तर कृपा करून लिहा.

प्रतिसाद: निवृत्त परिचारिका, फोंडा

ताई, मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. शरीराच्या दोन्ही बाजूंना, पंधरा मिनिटांच्या आत, चोवीस तासांत एकदाच, म्हणून तुमच्या कागदावर ‘सिंपल’ लिहिलंय. तुम्ही फोनवरून वेळ काढलीत ते फार चांगलं केलंत, ती जपून ठेवा.

अमेरिकेत नेल्सन आणि एलेनबर्ग यांनी तापात आकडी आलेली 1,706 मुलं सात वर्षांची होईपर्यंत पाहिली. अभ्यास 1976 चा. आधीपासून वाढ नीट आणि पहिली आकडी साधी, अशा हजार मुलांतल्या 11 जणांना पुढे फेफरं झालं. तापात कधीच आकडी न आलेल्या हजारांत 5. वाढीत आधीच शंका आणि शिवाय आकडी लांबलेली, एकाच बाजूची किंवा परतपरत आलेली असेल, तर तो आकडा 92 वर जातो. तुमची मुलगी त्या 92 च्या गटात बसत नाही. आत्याचा आजार डॉक्टरांना जरूर सांगा, पण आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर त्याचं वजन जास्त.

साध्या आकडीनंतर ईईजी लागत नाही, पुढे आजार होईल की नाही हे त्यातून सांगता येत नाही. रोजचं औषधही नको. तापाचं औषध पोरीला बरं वाटावं म्हणून द्या, त्याने आकडी टळत नाही, म्हणजे ‘वेळेवर दिलं असतं तर’ हे मनातून काढा. बूस्टर चुकवू नका.

एक गोष्ट लपवत नाही. आकडी आलेल्या तीन मुलांमागे साधारण एकाला ती पुन्हा येते, आणि वय दीड वर्षाच्या आत, ताप चढून तासाभरात, म्हणजे तुमच्याकडे शक्यता थोडी जास्तच. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर 108. आकडीनंतर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, तर वेळ न बघता इस्पितळ.

मूळ लेखिका

ताई, वाचून रडू आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्यालाही दीड वर्षाचा असताना तापात दोनदा आकडी आली होती. इतकी वर्षं बोलल्या नव्हत्या. मग हे आईवडिलांतच धरायचं का?

निवृत्त परिचारिका, फोंडा

धरायचं, पण वेगळ्या खात्यात. वडिलांना लहानपणी तापातली आकडी असेल तर मुलीला ती पुन्हा यायची शक्यता वाढते, फेफऱ्याची नाही. तुमच्या नवऱ्याला नंतर कधी ताप नसताना आली का, तेवढं सासूबाईंना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. आकडी थांबवायला घरी ठेवायचा, नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे असतो, तुम्ही गावात राहायला गेल्यावर इस्पितळ लांब पडतं, तेव्हा त्याबद्दलही विचारा. चमचा घालणाऱ्या काकांना आजच फोन करा.