पंडिता रमाबाईंना बळ कुठून मिळालं? श्रद्धेतून की कामातून?

भीमाकाठ
रमाबाईंना समाजसुधारक म्हटलं की आपलं भागतं. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेला मात्र आपण बगल देतो. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात लहानगी मनोरमा. आयुष्य क्षणभंगुर आहे हे या बाईंना पोथीतून शिकायची गरज नव्हती. पुराणं तर तोंडपाठ होती. 'संसार असार' हे त्या लहानपणापासून ऐकतच आल्या होत्या.

मग इंग्लंडात फुलहॅमला त्यांनी मठातल्या भगिनींचं काम पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवत होते. हे कशातून येतं असं विचारल्यावर त्यांना बायबलातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. इतर जिला दूर ठेवत, तिच्याशी येशू माणूस म्हणून बोलतो, ती. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझं म्हणणं असं की थोडक्या आयुष्याचं करायचं काय, याचं उत्तर त्यांना तिथे मिळालं.

उंबरठा
उत्तर मिळालं की आधीच असलेल्या कळवळ्याला नाव मिळालं? सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्यांना कुठे चर्च लागलं? आणि १८९३ विसरू नका. शारदा सदनात, म्हणजे रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शाळेत, मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते काही सनातनी नव्हते. ज्या विधवेला जगात दुसरा आसरा नाही, तिच्यापुढे आपल्या आयुष्याचा अर्थ ठेवणं हा दबावच.

तिरकस
सावित्रीबाईंचं उदाहरण अर्धंच दिलंत. सत्यशोधकांचा 'निर्मिक', म्हणजे सृष्टी निर्माण करणारा देव, होता की! पण भीमाकाठ, तुम्हीही सोयीचं बोलताय. 'संसार असार' म्हणजेच काय सगळी इथली परंपरा? कर्मयोग कुठे गेला? मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी याच प्रश्नावर केवढा ग्रंथ लिहिला.

जुनं नगर
जय ख्रिस्त. आमच्याकडे पाळकसाहेब अंत्यविधीला 'प्रभूत निजले' म्हणतात तेव्हा मंडळींना धीर येतो, नाही कशाला म्हणू? पण इथे श्रद्धेला दुःखावरचं औषध करून टाकलंय, ते पटत नाही. बायबलातलं उपदेशकाचं पुस्तक तर 'सर्व व्यर्थ' असं म्हणतच सुरू होतं. आमच्याच ग्रंथात एवढी निराशा छापलेली आहे, आणि ती कोणी खोडलेली नाही.

मला १९२१ महत्त्वाचं वाटतं. मनोरमाबाई चाळिशीत वारल्या. मुक्ती मिशन, म्हणजे रमाबाईंचा केडगावचा आश्रम, पुढे त्या चालवणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. 'देवाची योजना' हे शब्द अशा घरात जाऊन बोलायला मला तरी धजत नाही. रमाबाईंनी काय केलं? अनेक वर्षं चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. बायबलात प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे मेलेले पुन्हा उठण्याबद्दल, पानभर लिहितो आणि शेवटी 'स्वर्गात भेटू' म्हणत नाही. तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, एवढंच म्हणतो. श्रद्धा म्हणजे मला हे कळतं.

उंबरठा
छान मांडलंत, पण त्याच अध्यायात पौल हेही म्हणतो ना, की मेलेले उठत नसतील तर खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचं आहे? माझी अडचण नेमकी तीच. पुनरुत्थान नसेल तर श्रम फुकट? दुष्काळात केडगावला आणलेल्या मुली जगल्या, शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. ते खरंच घडलं. त्यासाठी मला पलीकडची हमी लागत नाही.

भीमाकाठ
तिरकस, कर्मयोगाचं मान्य. 'संसार असार' म्हणजे सगळी परंपरा नव्हे. पण 'गीतारहस्य' छापून आलं १९१५ मध्ये. १८८२ मधल्या विधवेच्या वाट्याला परंपरेतलं जे आलं, ते केशवपन आणि उपासतापास.

उंबरठा, १८९३ चा आक्षेप मी झटकत नाही. आसरा देणाऱ्याचा शब्द जड असतोच. फक्त रमाबाई स्वतः कोणाच्या दबावाखाली मान डोलावणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चशीही त्या त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, वाद घालत राहिल्या. आणि हमी तुम्हाला लागत नाही, हे ठीक. पोटची पोर गेल्यावर ज्यांनी पुन्हा हिब्रू उघडलं, त्यांना लागली असेल तर?

उंबरठा
लागली असेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. त्या मुलींनाही ती लागायलाच हवी होती का, एवढंच विचारतोय.